चव त्यांची, घोट माझा

बिअर तोंडात घ्यायच्या आधी ते भाकरी खायचे. ज्वारीची, कालची, बिनमिठाची, चतकोर. ती चावून चावून संपवायची, मग कोमट पाण्यानं तीन चुळा भरायच्या, आणि मग ग्लास घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायचं. टेस्टिंगच्या खोलीत आम्ही दोघंच असायचो, तरी भिंतीकडं. "समोरच्याचं तोंड दिसलं की जीभ त्याच्या बाजूनं बोलती," असं त्यांचं म्हणणं. मी दोन वर्षं एका पाठमोऱ्या माणसाकडून काम शिकले, असं कुणाला सांगितलं तर हसतील. हसू द्या.

आमचा कारखाना तसा लहान. चिकलठाण्याच्या बाजूला, पुढं बसून प्यायची जागा आणि मागं आमच्या टाक्या. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मी सर म्हणायची. शहरातल्याच एका मोठ्या बिअरच्या कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं चव घ्यायचं काम केलं होतं. रिटायर झाल्यावर आमच्या मालकानं त्यांना मिन्नतवाऱ्या करून आणलं. आणि हा माणूस, सांगितलं तर खोटं वाटेल, बिअर प्यायचा नाही. तोंडात घ्यायचा, फिरवायचा, आणि बाजूला ठेवलेल्या पितळी पिकदाणीत थुंकायचा. सिटी चौकातल्या कुठल्यातरी जुन्या दुकानातून आणलेली नक्षीची पिकदाणी होती ती. रोज स्वतः चिंचेनं घासायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

आता वर्ष होईल त्यांना जाऊन. म्हणजे आहेत, ठणठणीत आहेत, पण कामावर येत नाहीत. ते गेले ते माझ्यामुळं. पुष्कळ जण विचारतात, मास्तरांचं काय बिनसलं? मालकाशी भांडण झालं का? मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेते. इथं मारून नेणार नाही.

त्यांचे नियम ऐकून नव्या माणसाचं डोकं फिरायचं. खोलीत उदबत्ती नाही. डोक्याला वासाचं तेल नाही. सकाळी कांदा खाल्लेल्या माणसानं दुपारपर्यंत दाराशी यायचं नाही. एकदा मालक स्वतः भारीतला सेंट मारून आले, तर ह्यांनी भिंतीकडं बघतच सांगितलं, "कोण आलंय ते घरी जाऊन आंघोळ करून येईल." मालक बिचारे गेले. खरंच आंघोळ करून आले.

इंग्रजी शब्दांचा तर भयंकर राग. पहिल्या आठवड्यात मी पुस्तकातलं वाचून मोठ्या ऐटीत सांगितलं, "सर, ह्याला ट्रॉपिकल नोट आहे."

"ट्रॉपिकल म्हणजी कोणतं झाड?"

"म्हणजे... आंब्यासारखं."

"कोणता आंबा? गावरान का केशर? पिकलेला का पाडाचा? देठाकडचा का बुडाचा?"

पाठ तशीच, पण ती पाठ हसत होती हे मला कळत होतं. माझा असा संताप झाला! पण दुसऱ्या दिवशी मी शहागंजात जाऊन चार जातीचे आंबे हुंगून आले. फळवाला म्हणाला, "बाजी, लेना है तो लो, नाक काय को लगाते?"

त्यांचं रजिस्टर बघण्यासारखं होतं. मोठ्या कारखान्यात छापील फॉर्म असतात, ह्यांच्याकडं लाल कापडी बांधणीची वही. त्यात असलं लिहिलेलं: "टाकी दोन. मोंढ्यात ओल्या पोत्याखाली राहिलेला हरभरा. नापास." "टाकी एक. उकडलेलं कणीस, पाणी न निथळलेलं. दोन दिवस थांबा." "टाकी तीन. हर्सूलच्या तळ्याकाठचं गवत, ऊन चढायच्या आधीचं. छान." मी आधी हसायची. मग एकदा त्यांनी एका टाकीला 'भिजलेला पुठ्ठा' लिहिलं, आणि दोन दिवसांनी त्या टाकीच्या झाकणाचं रबर फाटून आत हवा जात होती हे सापडलं. तेव्हापासून हसायचं बंद केलं.

मी कन्नडची. घरी शेती आहे, वडील गावात सांगतात पोरगी सरबताच्या कंपनीत आहे. दर महिन्याला घरी गेले की सरांचं एक काम असायचं: तिथून झाकणाच्या डब्यात एक वास आणायचा. कोणताही. मग सोमवारी ते डब्याला नाक लावून ओळखणार. मी घाटातली माती आणली, बाजारातला जुना गूळ आणला, बैलाच्या अंगावरची झूल कापून आणली. एकदा साखर कारखान्यातली मळी आणली, म्हटलं आता कसं ओळखतात बघू. झाकण उघडायच्या आधीच म्हणाले, "मळी हाय. पण शिळी. परवाची." परवाचीच होती. शनिवारी संध्याकाळी भरून ठेवली होती मी!

न गिळण्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, बस-स्टॉपवर, मी विचारलं म्हणून. ते लासूर स्टेशनचे. मोठा भाऊ दारूनं गेला, तिशीच्या आत. त्यानंतर वर्षभरातच ह्यांना नोकरी लागली ती नेमकी बिअरच्या कारखान्यात. आई दारात आडवी बसली. शेवटी म्हणाली, जा. पण घशाखाली थेंब गेला तर परत ह्या दारात यायचं नाही. ह्यांनी तिच्या पायावर हात ठेवला. "तवापास्नं तोंड नोकरीवर, घसा घरी," ते म्हणाले. लग्न केलं नाही. आई अजून आहे, नव्वदीला आलीय, सिडकोत दोघंच राहतात. एवढं सांगून बस आली आणि ते चढून गेले.

पण बिअरची एक गोम आहे. वाइनवाले थुंकतात, त्यांचं भागतं. बिअरचा कडूपणा मात्र गिळल्याशिवाय पुरता कळत नाही, तो घशात आणि जिभेच्या मुळाशी, मागून येतो. मोठ्या कारखान्यातली फिकी बिअर असते, तिच्यात कडू नावालाच, म्हणून तिथं त्यांचं निभावलं. आमच्याकडं आल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी व्यवस्था लावून टाकली. चव ते घेणार, घोट मी घेणार. ते थुंकून, पुसून, भिंतीकडं बघतच विचारायचे, "खाली?" मी सांगायची, "ठीक," किंवा "जरा तुरट," किंवा "लवकर विरतं." ते लिहायचे. मी त्यांचा घसा होते म्हणा ना. दोन वर्षांत त्यांनी एकदाही मला "नक्की ना?" असं विचारलं नाही.

मग मालकाच्या डोक्यात ती नवी बिअर आली. कडक, साध्या बिअरच्या दीडपट चढणारी, आणि हॉप्स भरभरून घातलेली. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. वाळवून, दाबून, त्याच्या हिरव्या गोळ्या करून येतात. बिअरचा कडूपणा आणि अर्धा वास त्यांचाच. ह्या बिअरमध्ये शेवटी थंड टाकीतसुद्धा हॉप्स घालायचे आणि तीन दिवसांनी बुडातून काढून टाकायचे. शनिवारी ती पहिल्यांदा लोकांसमोर यायची होती. मालकानं सगळ्या शहराला आमंत्रणं दिली होती, सासुरवाडीसकट.

हॉप्स मी घातले आधीच्या शनिवारी. रविवारी कन्नडला गेले, चुलत बहिणीचा साखरपुडा. मंगळवारी परत यायचं होतं, पण राहिले. मेंदी, फोटो, काकूचा आग्रह. आणि टाकीतले हॉप्स काढा हे कुणालाच सांगून गेले नव्हते. गुरुवारी सकाळी बसमधून उतरताना आठवलं, आणि तशीच पळत जाऊन ते काढले.

दुपारी टेस्टिंग. सरांची भाकरी, चुळा, भिंत. ग्लास नाकाशी नेला आणि ते बराच वेळ तसेच बसले. मग बोलायला लागले आणि मी लिहून घेत होते. "संत्र्याची साल. नखानं सोलताना उडती ती, खाल्लेली न्हाई. तिच्या मागं पाडाचा आंबा, देठाचा चीक लागलेला. मग लोबान, जळून विझल्यावरचा." एक घोट तोंडात घेतला. डोकं डावीकडं, उजवीकडं. "काकवी. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा. कडू येतंय, पण दारात उभं हाय, आत आलं न्हाई अजून." थुंकले. माझ्याकडं पाठ होती तरी मला कळलं की माणूस खूष आहे. दोन वर्षांत इतकं खूष मी त्यांना बघितलं नव्हतं.

"खाली?"

मी घोट घेतला. वास खरंच सुंदर होता. आणि मग घोट घशात उतरला आणि गवताचं कुसळ अडकावं तसं टोचायला लागलं. कच्चं हिरवं, तुरट, जीभ आत ओढून घेणारं. पाणी प्यावं वाटलं, खोकावं वाटलं. दोन दिवस जास्त राहिलेले हॉप्स माझ्या घशात ओरडून सांगत होते की ही चूक तुझी आहे.

"ठीक," मी म्हटलं.

त्यांनी वही ओढली, लिहिलं, "पास. उत्तम." आणि खाली सही केली. 'उत्तम' त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, काय सांगू.

शुक्रवारी सकाळी मी गेटवर उभी राहिले. सिटी बसमधून ते उतरले, हातात डबा. मी तिथंच सांगून टाकलं. "सर, काल मी खोटं बोलले. ती घशात टोचते. हॉप्स पाच दिवस राहिले, मी सांगून गेले नव्हते कुणाला."

वाटलं होतं रागावतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मग म्हणाले, "सही माझी हाय त्याच्याखाली." आणि तडक मालकाच्या खोलीत.

मालक वाईट माणूस नाही हे आधी सांगते. पण उद्यावर कार्यक्रम, आणि त्या बिअरची ही एकच टाकी. "मास्तर, मजाक मत करो," ते म्हणाले. "काल उत्तम, आज नापास? असं कसं?"

"पोरीचं चुकलं. आज खरं सांगायली."

"आज खरं सांगते हे कशावरून? काल पण खरंच सांगत होती ना? उद्या म्हणेल, आज खोटं बोलले." मालक माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. "एवढी टाकी गटारीत सोडायची, ती हिच्या घशावर? नाही जमणार. मला विचाराल तर मला कडू म्हणजे कडूच लागतं, म्हणून तर तुम्हाला आणलं. तुम्ही सांगा. तुमच्या घशानं सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर आत्ता सोडतो, एक शब्द बोलणार नाही. नाहीतर उद्या हीच वाढणार."

मालकाला शपथ माहीत होती. सगळ्यांनाच माहीत होती.

"सर, नका," मी म्हटलं. "जाऊ द्या. वाढू दे त्यांना. माझी नोकरी गेली तरी चालेल, पण तुम्ही नका."

"तू गप." पहिल्यांदाच ते माझ्यावर आवाज चढवून बोलले. मग मालकाला म्हणाले, "लोक काय पितील ते पितील. पण वहीत उत्तम लिवलंय मी. ते खोटं राहिलं तर मागची सगळी वही खोटी."

"कालचं पान फाडून टाका की," मालक म्हणाले. मला वाटतं त्यांना पण आता भीती वाटायला लागली होती. "मास्तर, मी रागात बोललो."

"ग्लास आण," ते मला म्हणाले.

मी आणला. त्यांनी ना भाकरी मागितली ना पाणी. आमच्याकडं तोंड करून, उभ्या उभ्याच वास घेतला, तोंडात घेतली. फिरवली. मला शेवटपर्यंत वाटत होतं की ते इकडं तिकडं बघतील, पिकदाणी शोधतील. त्यांनी डोळे मिटले आणि गिळली. म्हाताऱ्या गळ्यातली घाटी खाली गेली आणि वर आली. एवढीशी गोष्ट. मी रडायला लागले होते आणि त्यांनी हात करून मला थांबवलं, कारण ते अजून चव बघत होते.

अर्धं मिनिट तरी गेलं असेल.

"कुसळ," ते म्हणाले. मी त्यांना तो शब्द सांगितला नव्हता. "सोडून द्या टाकी."

मालक खरंच एक शब्द बोलले नाहीत. टाकी सोडली. हिरवट फेस मोरीतून जाताना सगळ्या आवारात संत्र्याच्या सालीचा वास सुटला होता. सरांनी वही मागवली, 'उत्तम'वर काट मारली, खाली 'नापास' लिहिलं, सही केली. मग मला म्हणाले, "तुझी गाडी हाय ना? मला घरी सोड. आन वर ये. एकट्याला न्हाई जमायचं."

जालना रोडनं निघालो, ते मागं बसलेले. बारा वाजत होते. एका पानटपरीसमोर मी गाडी हळू केली आणि म्हटलं, "सर, बडीशेप घेऊ का? वास जाईल."

"पोरी," ते म्हणाले, "दोन वर्षं काय शिकलीस?"

मी गाडी पुढं काढली.

दुसरा मजला. दार उघडंच होतं, जाळीचं नुसतं लोटलेलं. आजी दारातच चटईवर बसून मेथी निवडत होत्या. इतक्या बारीक, की लुगड्यात माणूस आहे का नाही कळू नये. ते उंबऱ्याबाहेरच थांबले आणि वाकले, आणि आजींनी मान वर करून त्यांच्या तोंडाशी नाक नेलं. हे मला माहीतच नव्हतं. रोज घरी आल्यावर हे असं चालायचं म्हणे, लासूरला असल्यापासून, एक दिवस खाडा नाही.

आजींनी नाक मागं घेतलं. मग परत जवळ नेलं.

"गिळली," त्या म्हणाल्या.

"एक घोट, माय."

आजींनी माझ्याकडं बघितलं. "ही कोन?"

"माझ्याबरोबर कामाला हाय."

"हिनं पाजली व्हय?"

"न्हाई, माय, तिचा काही..."

"व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडातून घरचीच भाषा बाहेर आली. "माझ्यामुळंच गिळावी लागली, आजी. मी खोटं बोलले म्हणून."

त्यांनी माझ्याकडं परत बघितलं नाही. हातातली काडी तशीच धरून त्या लेकाला म्हणाल्या, "कशी लागली?"

आणि सरांनी सांगितली. उंबऱ्याबाहेर उभं राहून, पासष्टीचा माणूस, आपल्या आईला. संत्र्याची साल, आंब्याच्या देठाचा चीक, विझलेला लोबान, काकवी. इतक्या वर्षांत घरी कधी त्यांनी कामातलं अक्षर सांगितलं नसावं, कारण आजी कान देऊन नवीन गोष्ट ऐकावी तशा ऐकत होत्या. शेवटी म्हणाले, "पर वाईट व्हती, माय. बिघडलेली. घशात कुसळावानी टोचली. म्हणून समदी सोडून दिली."

"तुझा दादाबी पहिल्या दिशी हेच म्हनला व्हता," आजी म्हणाल्या. "वाईट लागती म्हने. टोचती म्हने."

त्यांनी मान डोलावली.

"आन पुन्यांदा घ्यावी वाटली का?"

चवीबद्दल विचारलं तर हा माणूस कधी घाईनं बोलला नाही. तेव्हाही बोलला नाही. जिन्यातून कुणीतरी सिलेंडर चढवत होतं, तो मजल्यावर येऊन पुढं गेला. मी मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हणा, सर, एकदाच, नाही म्हणून टाका. म्हातारीला काय कळणार आहे?

"वाटली," ते म्हणाले.

"वाईट व्हती म्हनतूस ना?"

"तरी वाटली."

आजींनी काडी खाली ठेवली. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते.

"मंग उद्यापास्नं जाऊ नगं."

"आजी, अहो, उद्या..." मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडं न बघता हात वर केला.

"बरं, माय," ते म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.